आधी बसून दाखवा

अप्पांनी आयुष्यात गळाला लागलेला मासा पाहिला नव्हता, आणि गळाच्या काठ्या करणारा त्यांच्या तोडीचा कारागीर अख्ख्या मुंबई इलाख्यात दुसरा नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी सांगतोय म्हणून कुणाला शंका येईल. पण पहिली गोष्ट तपासायला आता अप्पा नाहीत, आणि दुसरी तपासू शकले असते ते साहेबलोक केव्हाच बोटीत बसून निघून गेले. तेव्हा विश्वास ठेवण्यावाचून तुम्हाला इलाज नाही.

मुळात सोलापुरात बसून गळाच्या काठ्या करायच्या म्हणजे माळावर होडी बांधण्यापैकीच. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा हंडा घेऊन जाणाऱ्या बाईला लोक वाट देत, इतर वेळी पालखीला देतात तशी. सिद्धेश्वराच्या तळ्यात मासे भरपूर, पण ते देवाचे. त्यांना चुरमुरे घालायचे, गळ नाही. ते मासे अप्पांनी पाहिले होते. पण चुरमुरे खाणारा मासा वेगळा आणि साहेबाचा मासा वेगळा, अशी त्यांची पक्की समजूत होती. साहेबाचा घोडा वेगळा, साहेबाचं कुत्रं वेगळं, मग मासाच तेवढा आपल्यासारखा कशाला असेल?

अप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खाणं म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. अंडं हा शब्द उच्चारायची वेळ आली तर ते नुसतं ‘त्ये’ म्हणत. नवी पेठेच्या मागच्या बोळात त्यांचं दोन खणांचं घर होतं. पुढच्या खणात काम, मागच्यात संसार. संसार म्हणजे आव्वा, त्यांच्या घरच्या. अप्पा दिवसाला दहा शब्द बोलत, आणि उरलेले आव्वा बोलत.

त्यांचा मूळ धंदा फण्यांचा. हातमागावर ताण्याचे धागे वेगवेगळे ठेवायला फणी लागते, तिचे दात बांबूच्या कामट्यांचे असत. केसाइतके बारीक आणि सगळे सारखे. “येक दात हालला तर सगळ्या लुगड्यावर रेघ उटती,” अप्पा म्हणत, “आन ती रेघ बाईच्या आंगावर दहा वर्सं ऱ्हाती.” चाळीस वर्षं हा माणूस एका जागी बसून दात घासत होता, फणीचे. मग पोलादी फण्या आल्या, आणि अप्पांच्या दारात कोष्टी यायचे बंद झाले.

तेव्हा रेल्वेचे एक गोरे डॉक्टर मोडलेली विलायती काठी घेऊन आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बांबूचं काहीही असो, ह्या बोळात जा. अप्पांनी काठी उभी चिरली. आत सहा कामट्या, एकमेकींना चिकटवलेल्या.

“साच कामट्या?” अप्पा म्हणाले. “येवढ्यासाटी बोटीतनं आनली?”

महिन्याभरात त्यांनी नवी काठी करून दिली. विलायती काठीत चिकटवायला सरस होता, तो जनावराचा, म्हणून अप्पा त्याला शिवले नाहीत. त्यांनी कोष्ट्यांची चिंचोक्याची खळ घेतली, त्यात काय काय कालवलं ते देव जाणे. त्या खळीचा एक थेंब माझ्या जोड्याखाली आला होता. तो जोडा अजून अप्पांच्या उंबऱ्यावर आहे. चिकटवलेल्या कामट्यांवरून रेशमाचे वेढे, वर लाखेचा हात. डॉक्टरसाहेबांनी ती काठी हवेत हलवून पाहिली आणि टोपी काढली. अप्पांना वाटलं, उकडतंय.

आता मुख्य गोष्ट. पैसे घेऊन गेलं आणि काठी आणली, असा तो व्यवहार नव्हता. अप्पांच्या अंगणात एक दगडी डोणी होती, काठोकाठ पाण्याची, मासा नसलेली. तिच्यापुढे एक तिवई. गिऱ्हाइकानं तिवईवर बसायचं, हातात एक साधी काठी धरायची, तिचा दोरा डोणीत सोडायचा. काठीच्या टोकाला एक घुंगरू. मग आव्वा उदबत्ती लावत, आणि अप्पा म्हणत, “सुम्न कूडरी.” म्हणजे गुमान बसा. उदबत्ती विझेपर्यंत घुंगरू वाजलं नाही तर काठी मिळणार. वाजलं तर, “एळरी.” म्हणजे उठा.

अपील नाही.

त्या बसण्यात अप्पा माणसाचं माप घेत. मनगट कधी थकतं, कोपर कुठं टेकतं, श्वास किती लांब, सगळं समोर मांडी घालून बघत. “काटी हाताला मापायची नसती,” ते म्हणत, “दमाला मापायची असती.” आणि तशी मापलेली काठी दुसऱ्याला विकत नसत. माणूस मेला तरी नाही.

ह्या परीक्षेत भलेभले गेले. एक नामांकित वकील बसले. घुंगरू वाजलं नाही, पण ते अप्पांना हिंदू कायदा समजावून सांगायला लागले. “तोंड हालतंय की,” अप्पा म्हणाले, “एळरी.” एक पैलवान बसल्या बसल्या झोपला आणि उत्तम रीतीनं पास झाला. डॉक्टरसाहेब तर पुढंपुढं काठी नको असली तरी बसायला यायचे. दर गुरुवारी एक उदबत्ती बसून जायचे. मग पेठेतल्या बायका तापट नवऱ्यांना तिकडं पाठवू लागल्या. काठी नको, नुसतं बसवा म्हणून. आव्वा त्यांना म्हणत, “चाळीस वर्सं मी ह्यांच्यासमोर बसले, बाई. मला येक काटी न्हाय दिली अजून.”

काठी तयार झाली की तिची ओढ तपासायची. मासा ओढतो म्हणजे किती ओढतो, हे अप्पांना कसं कळावं? त्यांनी अंदाजानं शेळी धरली. काठीचा दोरा शेळीच्या गळ्यातल्या दाव्याला अडकवायचा, समोर बोळाच्या तोंडाशी आव्वांनी कडबा धरायचा. शेळी कडब्याकडे धावायची, काठी वाकायची, अप्पा डोळे मिटून काठीचा आवाज ऐकायचे. मग अप्पांनी स्वतःच्या हातात कडबा घ्यायचा आणि शेळी परत यायची. शेकडो वेळा हे पाहून त्यांचं असं ठाम मत झालं होतं की पाण्यातला मासादेखील शेवटी कडब्यालाच येतो. कुणी त्यांना दुसरं सांगितलं नाही. मी तर नाहीच.

मी त्या वेळी एका गिरणीच्या कचेरीत हंगामी कारकून होतो. वैरागच्या एका अडत्याच्या मुलीशी माझं लग्न ठरलं होतं. म्हणजे जवळजवळ ठरलं होतं. भावी सासऱ्यांनी निरोप धाडला होता, “पाव्हणं, तुमी कायम झाल्याचा कागद दावा. अक्षता दळून ठिवल्यात.” अक्षता दळत नाहीत, हे मी त्यांना कळवलं नाही. मुलगी मी एकदाच पाहिली होती. चहा देताना ती माझ्या एका थापेवर ओठ दाबून हसली होती. तेवढ्यासाठी मी कायम व्हायला तयार होतो. अडत्यानं शेवटी मुदत घातली, येत्या पाडव्यापर्यंत. नंतर बार्शीचं दुसरं स्थळ होतं.

आमचा गोरा साहेब मोठा वल्ली. बसणं हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. खुर्चीत तो उकळायचा. डॉक्टरसाहेबांची काठी पाहिल्यापासून त्याच्या डोक्यात ती काठी शिरली होती. त्यातच मुंबईहून बडा साहेब येणार असल्याची बातमी आली. बड्या साहेबाला मासेमारीचा नाद, आणि हिप्परग्याच्या तलावावर त्याला एक दिवस न्यायचं ठरलं. साहेबानं मला बोलावलं.

“त्या म्हाताऱ्याची काठी हवी. बड्या साहेबाच्या हातात ती पडली की त्याच दिवशी तुला कायम करतो. नाही पडली, तर हंगाम संपला.”

मी साहेबाला घेऊन बोळात गेलो. तो तिवईवर बसला. आव्वांनी काडी ओढली. उदबत्तीला ती लागायच्या आत घुंगरू वाजलं.

“एळरी,” अप्पा म्हणाले.

“काय म्हणतो?” साहेबानं विचारलं.

मला बार्शीचं स्थळ दिसलं. “अप्पा म्हणतात,” मी म्हणालो, “असा हात त्यांनी आजवर पाहिला नाही. उठा म्हणतात, आणखी बघायची गरज नाही.”

ह्यात शब्दशः खोटं एकही नव्हतं. साहेब खूश होऊन मोटारीत बसला.

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. “अप्पा, साहेबांच्या वतीनं मी बसतो.”

“वतीनं लगीन हुतं का, कारकून?”

“लग्नच अडलंय, अप्पा,” मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. वैराग, पाडवा, चहा. त्यात मी थोडी भर घातली असेल. अप्पा कामटी तासत राहिले. आव्वा आतून बोलल्या, “बसवा की त्येला. लेकराचं लगीन हाय.”

“बसा,” अप्पा म्हणाले. “पन काटी तुमच्या मापाची हुईल. साहेबाच्या न्हाय.”

“होऊ दे.”

“आन बोलायचं न्हाय.”

हे मात्र कठीण होतं. मी जन्मल्यापासून गप्प बसलो नव्हतो. सुईणीनं मला उलटं धरलं तेव्हा मी रडलो नाही, वाद घातला, असं आमच्या घरी सांगतात. पहिल्या दिवशी बोटभर उदबत्ती जळली आणि मी म्हणालो, “आज ऊन काय पडलंय!” एळरी. दुसऱ्या दिवशी अर्धी. तिसऱ्या दिवशी मी तोंडात एवढा मोठा विडा कोंबला की बोलायला जागाच उरली नाही, आणि त्या मुलीचं दाबलेलं हसू डोळ्यांपुढे धरून बसलो. किती वेळ गेला कळलं नाही. डोणीत एक कावळा येऊन पाणी पिऊन गेला. शेवटची राख पडली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे संपू नये असं मला वाटत होतं. डॉक्टरसाहेब गुरुवारी का येतात ते मला त्या दिवशी कळलं. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काठी अजून माझ्या हातातच होती. अप्पांनी विचारलं, “मासा केवडा धरनार?”

मी विडा थुंकून आलो. तोंड नुकतंच मोकळं झालेलं, आणि तीन दिवसांचं बोलणं आत तुंबलेलं. “हिप्परग्याचा मासा म्हणजे अप्पा, रेड्याएवढा! हातभर मिशा. गेल्या वर्षी एकानं गाडी ओढून आत नेली, बैलांसकट.”

टोकाचं घुंगरू किणकिणलं. मला वाटलं, वारा. अप्पांनी घुंगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“रेड्याएवडा,” ते म्हणाले. “बरं.”

पुढचे दोन महिने त्या बोळात काय चाललं होतं, ते मी रोज पाहत होतो आणि रोज गप्प राहत होतो. सहाच्या जागी बारा कामट्या आल्या. शेळीला सुट्टी मिळाली आणि शेजारच्या गवळ्याचा रेडा आला. दुपारी रेडा कडब्यामागे बोळ ओलांडायचा, काठी घराच्या छपरावरून कमान व्हायची, आणि माणसं कामं टाकून गच्चीवर चढायची. दोन काठ्या मोडल्या. दुसरी मोडली तेव्हा तिचा आवाज वैरागला ऐकू गेला, आणि तिकडं लोकांना वाटलं सोलापुरात तोफ उडाली. अप्पांची बोटं चिरली, आव्वा हळद लावत आणि माझ्याकडे बघत. मी दोनदा खरं सांगायला म्हणून गेलो. दोन्ही वेळा अप्पा रेशमाचे वेढे घालत होते. त्या हातांकडे पाहिलं, आणि तसाच परत आलो.

पाडव्याच्या तीन दिवस आधी काठी तयार झाली. जाडी मुसळाची, पण हातात घेतली तर वेताच्या छडीसारखी. लाखेचा रंग असा की त्यात तोंड दिसावं.

“म्या येनार,” अप्पा म्हणाले. “साहेबाचा मासा बघायचा हाय.”

हिप्परग्याच्या तलावावर आम्ही पोचलो तेव्हा सूर्य वर आला होता. तंबू, खुर्च्या, दोन साहेब, मी, आणि काखेत कडब्याची पेंढी घेतलेले अप्पा. पेंढी कशाला म्हणून साहेबानं विचारलं. मी सांगितलं, धार्मिक आहे.

बड्या साहेबानं काठी हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाही. गळ फेकला. दोरा मधमाशीसारखा आवाज करत लांब जाऊन पडला. तिथं पाण्याबाहेर काळ्या खडकासारखं काहीतरी दिसत होतं. तो गळ खडकाच्या पलीकडे पडला. बड्या साहेबानं हिसका दिला.

खडक उठला.

हिप्परग्याच्या कुणा शेतकऱ्याचा रेडा होता तो, उन्हाचा पाण्यात बसलेला. गळ त्याच्या गळ्यातल्या दाव्यात अडकला होता. रेड्यानं एकदा मागं पाहिलं आणि पैलतीराला निघाला. बडा साहेब मागोमाग. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. काठी अशी वाकली की तिचं टोक पाण्यात आणि मूठ पाण्यात, आणि मधून ढग दिसत होते. आमचा साहेब ओरडत होता, “सोडा! सोडा!” बडा साहेब सोडायला तयार नव्हता. काठी मोडत नव्हती. मी मनातल्या मनात बार्शीच्या स्थळाला आशीर्वाद देऊन टाकला.

अप्पा शांतपणे धोतर खोचून पाण्याच्या काठाशी गेले, मांडी घालून बसले, आणि कडब्याची पेंढी समोर धरली. “सुम्न कूडरी!” त्यांनी बड्या साहेबाला सांगितलं. त्या आवाजात काय होतं कोण जाणे. तो साहेब कमरेएवढ्या पाण्यात मटकन खाली बसला, गळ्यापर्यंत. टोपी तरंगायला लागली. पण हात हलला नाही.

ओढणारं कुणी नाही म्हटल्यावर रेडा थांबला. त्यानं वास घेतला. कडबा दिसला. तो वळला, आणि बड्या साहेबाच्या शेजारून, पाहुण्यासारखा, डुलत डुलत काठावर आला आणि अप्पांच्या हातातून खायला लागला.

अप्पांनी त्याला शिंगापासून शेपटीपर्यंत नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमी म्हनलात तेवडाच हाय की, कारकून. मिशा तेवड्या न्हाईत.”

बडा साहेब, गाळानं माखलेला, वर आला. काठी त्यानं तान्ह्या मुलासारखी धरली होती. “ही कुणाच्या मापाची?”

“माझ्या,” आमचा साहेब म्हणाला.

मी ते भाषांतर करून अप्पांना सांगितलं नाही. पण अप्पांनी चेहरे वाचले. त्यांनी बड्या साहेबाच्या हातून काठी काढली, माझ्या हातात दिली, खिशातून घुंगरू काढून टोकाला बांधलं, आणि म्हणाले, “आता मी सांगतो ते त्येस्नी सांगा. जसंच्या तसं.”

आणि सांगायला लागले. दहा शब्दांचा कोटा त्यांनी त्या दिवशी पार ओलांडला. आमचा साहेब उदबत्ती पेटायच्या आत उठला. त्याला काठी मिळाली नाही. ही काठी ह्या कारकुनाची. माशाचं माप अप्पांनी धरलंच नव्हतं. “माशाच्या मापाची काटी कुनीबी करंल,” अप्पा म्हणाले. “मी मानसाच्या मापाची करतो. हा मानूस रेड्याएवडा मासा बोलतो. ह्येच्या हातात शेळीची काटी दिली आसती तर पैल्याच बोलन्यात मोडली आसती.”

म्हणजे माझी थाप त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. बोटं चिरत होती तेव्हाही.

दोन्ही साहेब माझ्याकडे पाहत होते. काठी माझ्या हातात, घुंगरू टोकाला. शब्द थोडे फिरवले असते तर मी कायम होतो. अप्पा घुंगराकडे बघत होते. मी एक लांब श्वास घेतला, तिवईवर घेतला होता तसा, आणि सगळं भाषांतर केलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच खरं भाषण.

घुंगरू वाजलं नाही.

आमच्या साहेबाचा चेहरा विटेच्या रंगाचा झाला. “हा उद्यापासून कामावर नको,” तो म्हणाला. बडा साहेब मात्र हसायला लागला. हसता हसता खाली बसला. रेडा खायचा थांबला. “नको काय?” तो म्हणाला. “नापासाला पास सांगून दोन महिने तुला खूश ठेवला, रेड्याला मासा म्हणून खपवला! ह्या माणसाला कारकून कुणी केलं? विक्रीला पाठवा. कायम.”

मग त्यानं खिशातून नोटा काढल्या. अप्पांनी हात मागं घेतले. “ही ह्येंची. तुमाला पायजे तर बोळात या. आधी बसून दावा.”

बडा साहेब दुसऱ्या दिवशी खरंच आला, बसला आणि पास झाला. मी पाडव्याला कागद घेऊन वैरागला गेलो.

अप्पांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती काठी माझ्या घरी आहे. आमच्या घरच्या तिच्यावर लुगडी वाळत घालत आल्या. एकाही लुगड्यावर रेघ उठली नाही. घुंगरू मी सोडलं नाही. मी कुणाला काही सांगायला लागलो आणि ते वाजलं, की आतून त्या अजून ओठ दाबून हसतात.

हे लिहिताना ते तीनदा वाजलं. वारा म्हणावा तर चैत्रातल्या सोलापुरात पानही हलत नाही. तेव्हा मी दोन ठिकाणी रेडा थोडा लहान केला आहे. तिसऱ्या ठिकाणी करणार नाही. आणखी लहान केला तर रेडकू होईल, आणि रेडकासाठी अप्पांनी बोटं चिरून घेतली असती का?